चार आठवडे नुसती स्टिकरं

"काकू, मी इंदूरच्या एका कॉलेजात बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन बसले आहे. अकरावी-बारावीला पीसीएमबी घेतलं होतं. नीटमध्ये सरकारी जागेपुरते गुण आले नाहीत, जेईईवर ही ब्रँच मिळाली. नावात 'बायो' आहे, हॉस्पिटलशी संबंध आहे, म्हणून घेतली. आता घरी रोज हाच विषय. आजोबा म्हणतात, एक ना धड भाराभर चिंध्या. पुण्याचा मामा म्हणतो, शेवटी आयटीतच जायचंय तर आत्तापासून कोडिंग कर. शेजारच्या काकू विचारतात, म्हणजे तू डॉक्टर होणार ना? जूनमध्ये एका खासगी हॉस्पिटलात चार आठवडे ट्रेनिंग केलं. तिथे यंत्रांवर कॅलिब्रेशनच्या तारखांची स्टिकरं चिकटवायला दिली, बस. एकही यंत्र उघडून दाखवलं नाही. पाचव्या सेमिस्टरला मायनर प्रोजेक्ट आहे. ग्रुपमधले सगळे म्हणतात, नेटवरून डेटा घेऊ आणि एआयने हृदयरोग ओळखू. माझं चुकलं का? चुकलं असेल तर आता काय करू?
— ना इकडची ना तिकडची, लोकमान्य नगर"

अगं, त्या स्टिकरांवरच्या तारखा कोण ठरवत होतं, हे विचारलंस का?

कारण ती तारीख उगीच पडत नाही. कोणीतरी ॲनालायझर, म्हणजे यंत्र बरोबर चालतंय का ते मोजणारं उपकरण, घेऊन आलेलं असतं. सिरिंज पंप तासाला ५ मिलिलिटर सोडतो असं म्हणतो, तर खरंच ५ सोडतो का? हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या डीफिब्रिलेटरवर २०० जूल लावले, तर बाहेर किती पडतात? बीपीचा कफ १२० दाखवतो तेव्हा आत दाब किती असतो? हे मोजून झालं, आकडा बसला, की मग तुझं स्टिकर. म्हणजे मोजणारा माणूस आणि तू यांच्यात दोन हातांचं अंतर होतं, आणि ते चार आठवडे तसंच राहिलं. यात हॉस्पिटलची चूक आहेच. शिकायला आलेल्या मुलीला फुकटचा हात समजून राबवायचं, ही जुनी खोड आहे आणि मी तिची बाजू घेणार नाही. पण 'मोजताना मी शेजारी उभी राहू का' असं तूही कितीदा विचारलंस, ते तुलाच माहीत.

यंत्र उघडून दाखवलं नाही, याला मात्र कारण आहे. बहुतेक मोठी यंत्रं कंपनीच्या वॉरंटीत नाहीतर सीएमसीत, म्हणजे देखभालीच्या करारात, असतात. सील तोडलं तर कंपनी हात वर करते. त्यामुळे हॉस्पिटलच्या इंजिनिअरलाही व्हेंटिलेटर उघडायची मुभा नसते. तो कंपनीचा माणूस येऊन उघडतो. शिकायचं असेल तर तो येईल त्या दिवशी त्याच्या पाठीमागे उभं राहायचं, टॉर्च धरायची, स्क्रू वाटीत ठेवायचे आणि काम झाल्यावर चहा पाजायचा. माझं निम्मं शिक्षण असंच झालं. डिग्री माझी इन्स्ट्रुमेंटेशनची, पण पुढची एकोणतीस वर्षं हॉस्पिटलांमधून यंत्रं सांभाळण्यात गेली, आणि त्यातला एक चांगला वाटा लोकांच्या खांद्यावरून डोकावण्यात गेला.

आणखी एक. चार आठवड्यांत तू आयसीयूत गेलीस, ओटीच्या दारापर्यंत गेलीस, लेबर रूममध्ये, डायलिसिसमध्ये, कदाचित तळघरातल्या स्टोअरमध्येही. कोपऱ्यात उभी केलेली, चादर टाकलेली यंत्रं किती होती? कशामुळे बंद होती? मी पैजेवर सांगते, त्यातल्या बऱ्याच यंत्रांच्या आतला बोर्ड शाबूत असणार. केबल तुटलेली, बॅटरी गेलेली, प्रोबची क्लिप हरवलेली, नाहीतर एखादा तीनशे-चारशे रुपयांचा कनेक्टर आणायचा राहिलेला. २०२१च्या एप्रिल-मेमध्ये लोक व्हेंटिलेटरसाठी गावोगाव फोन करत होते, तेव्हा कुठे कुठे आलेली यंत्रं पडून होती, कारण ऑक्सिजनचा सेन्सर संपला होता किंवा चालवायला शिकलेलं माणूस नव्हतं. तो सेन्सर म्हणजे एक छोटी रासायनिक बॅटरीच असते, वर्ष-दोन वर्षांत ती आपोआप मरते, यंत्र वापरा नाहीतर न वापरा. हे ज्याला माहीत असतं तो नवा सेन्सर आधीच मागवून ठेवतो. आज रात्री बसून वहीत लिहून काढ: काय काय बंद पाहिलंस, कुठे, आणि तुला काय वाटतं का बंद होतं. आठवड्याने हे विसरशील.

आता दुखऱ्या जागेकडे येते. तुझ्या पत्रात स्टिकरांची तक्रार आहे, पण खरा काटा नीटचा आहे. डॉक्टर होता आलं नाही म्हणून डॉक्टरच्या जवळपासचं काहीतरी घेतलं, आणि आता कळतंय की ते जवळपास नाहीच. बरोबर आहे, ते नाहीच. शेजारच्या काकूंना स्वच्छ सांग: नाही काकू, डॉक्टर होणार नाही, इंजिनिअर होणार. एकदा तोंडाने म्हटलंस की तुझं तुलाच हलकं वाटेल. ही ब्रँच म्हणजे हुकलेल्या एमबीबीएसची भरपाई समजून जी मुलं बसतात, ती चार वर्षं स्टेथोस्कोपकडे बघत राहतात आणि सिग्नलची रेष दाखवणारा ऑसिलोस्कोप धूळ खातो.

मग इथे इंजिनिअरचं काम काय, ते एका रात्रीच्या गोष्टीने सांगते. आयसीयूतून फोन आला, 'तुमचा मॉनिटर खोटं बोलतोय.' पेशंटच्या ईसीजीत एसटीचा भाग, म्हणजे हार्ट अटॅकमध्ये वर चढू शकतो तो रेषेचा तुकडा, वर चढलेला दिसत होता. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी घाईने बारा लीडचा ईसीजी काढला, तर तो साफ. पुन्हा मॉनिटर बघितला, एसटी वरच. डॉक्टर वैतागले, इलेक्ट्रिशियनने अर्थिंग तपासलं, ते ठीक होतं. मॉनिटर बदलायचं ठरलं. मी जाऊन मेनू उघडला. ईसीजी 'मॉनिटर' मोडवर होता. या मोडमध्ये रेष डुलू नये, स्नायूंचा खरखराट दिसू नये म्हणून यंत्र साधारण ०.५ ते ४० हर्ट्‌झ एवढंच आत घेतं. निदानासाठीच्या मोडमध्ये तीच खिडकी ०.०५ ते १५० हर्ट्‌झ असते. एसटीचा भाग हा संथ भाग, कमी फ्रीक्वेन्सीचा. खालची हद्द ०.०५ वरून ०.५ वर नेली की तो भाग वाकतो, कधी वर, कधी खाली. मोड बदलला, एसटी जागेवर आली.

डॉक्टरांना एसटी कळत होती. इलेक्ट्रिशियनला तार कळत होती. फिल्टर एसटीला वाकवतो, हे मधल्या जागेत पडलं होतं, आणि त्या जागेवर त्या रात्री ड्यूटीला कोणी नव्हतं. तू सही केलीस ना, 'ना इकडची ना तिकडची'? ती जागा हीच.

म्हणून आजोबांची म्हण मी उडवून लावणार नाही. ती खोटी नाही. तुमच्या अभ्यासक्रमात फिजिऑलॉजी, नेटवर्क थिअरी, बायोमटेरिअल्स, बायोमेकॅनिक्स, इमेजिंग, कंट्रोल सिस्टिम, थोडं पायथन, सगळं बशीत वाढलेल्या पोह्यांसारखं: शेव आहे, डाळिंबाचे दाणे आहेत, जिरावण आहे, आणि बशी लहान. सगळे विषय पासापुरते केलेस तर आजोबा बरोबर ठरतील. (चिंध्यांची गोधडी होते वगैरे म्हणण्याचा मोह मी आवरते. आजोबांना तो दाखला आवडेल, पण पाचव्या सेमिस्टरला त्याचा उपयोग नाही.)

एक विषय हाडापर्यंत करायचा. माझं मत विचारशील तर इलेक्ट्रॉनिक्स आणि सिग्नल. ईसीजी, ईईजी, बीपी, ऑक्सिमीटर, सगळ्यांचा रस्ता एकच: शरीरातून काहीतरी सेन्सरने उचलायचं, मोठं करायचं, गाळायचं, आकड्यात बदलायचं, पडद्यावर दाखवायचं. ईसीजीचा सिग्नल साधारण एक मिलिव्होल्टचा. त्याच्या डोक्यावर घरातल्या विजेचा ५० हर्ट्‌झचा गोंगाट त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा बसलेला असतो. दोन्ही हातांवर तो गोंगाट जवळपास सारखाच येतो, म्हणून दोघांची वजाबाकी करणारा ॲम्प्लिफायर लावतात. आणि उजव्या पायाला लावलेल्या इलेक्ट्रोडमधून उरलेला गोंगाट उलटा करून शरीरात परत सोडतात. हा उजव्या पायाचा इलेक्ट्रोड मोजायला नसतोच मुळी, हे तुमच्या वर्गात किती जणांना ठाऊक आहे ते एकदा विचारून बघ. हे एक सर्किट आतून-बाहेरून समजलं की दहा यंत्रं निम्मी समजतात.

फिजिऑलॉजी पाठ करू नकोस. तुला रोग ओळखायचा नाहीये. प्रत्येक पानावर एकच प्रश्न ठेव: हे बाहेरून मोजायचं कसं? मग ते पुस्तक वेगळंच वाटायला लागतं. (तुझा हात सर्किटपेक्षा धातू-प्लास्टिकात रमत असेल तर गोष्ट वेगळी. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने हृदयाची कृत्रिम झडप बनवली, आधीची मॉडेलं फसली, आणि डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्यांदा माणसाच्या छातीत बसली. तो रस्ताही याच ब्रँचमधून जातो, फक्त लांबचा आहे.)

प्रोजेक्टबद्दल मी मवाळपणे बोलू शकणार नाही. एआयने हृदयरोग ओळखणं, नको. तुमचा ग्रुप जो डेटा उतरवणार आहे तो बहुधा अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या हॉस्पिटलचा असेल, ३०३ रुग्णांचा, १९८०च्या दशकातला. तुझी आई तेव्हा शाळेत असेल. त्याच्यावर जगभरच्या मुलांनी हजारो वेळा तेच केलंय. त्यात तू एकाही माणसाला हात लावणार नाहीस, एकही तार सोलणार नाहीस. मुलाखतीत 'हा सिग्नल कुठून आला' असं कोणी विचारलं की खल्लास.

त्याऐवजी पल्स ऑक्सिमीटर घे. कोविडनंतर घरोघरी एक पडलेला आहे, तुमच्याही ड्रॉवरमध्ये असेल. त्याची कुळकथा मला फार आवडते. जपानमधल्या निहोन कोहडेन या कंपनीत ताकुओ आओयागी नावाचे इंजिनिअर होते. इंजिनिअर हं, डॉक्टर नव्हे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ते रक्तात रंग टोचून, कानाच्या पाळीतून प्रकाश पाठवून, हृदय किती रक्त ढकलतं ते मोजायच्या खटाटोपात होते. नाडीच्या धडधडीने त्यांची रेष सारखी हलायची. ती धडधड घालवायचा प्रयत्न करताना त्यांच्या लक्षात आलं की जो भाग धडधडतो तो फक्त धमनीतल्या रक्ताचा असतो. कातडी, हाड, नस, हे धडधडत नाहीत. म्हणजे तेवढाच धडधडणारा भाग वेगळा काढला आणि दोन रंगांच्या प्रकाशात तो किती शोषला जातो याची तुलना केली, तर धमनीतला ऑक्सिजन सुई न टोचता कळेल. १९७४ मध्ये त्यांनी हे मांडलं. आज ज्या आकड्याकडे बघून सगळं आयसीयू चालतं, तो आकडा एका माणसाला नको असलेल्या गोंगाटातून निघाला.

सेन्सरची छोटी पट्टी, मॅक्स ३०१०२ नावाची, तीन-चारशे रुपयांत मिळते. जेल रोडला सुटे भाग विकणाऱ्यांकडे विचार, नाही तर ऑनलाइन. त्यात एक लाल दिवा, साधारण ६६० नॅनोमीटरचा, आणि एक न दिसणारा अवरक्त. मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या चिपला, जोड आणि आधी नुसती रेष काढ. आकडा काढायची घाई नको. बोट दाबलं की काय होतं? हात बर्फाच्या पाण्यातून काढून लावला तर? बोट हललं तर? मग मजेचे प्रश्न: नेलपॉलिशने काय होतं, मेंदीने काय होतं? आपल्याकडे लग्नसराईत नवरीच्या बोटाला मॉनिटर लागत नाही असं नाही! एकाच घरात पाच रंगांची कातडी असते, त्यांच्या रेषा शेजारी शेजारी ठेवून बघ. हा पोरखेळ नाही. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काळ्या वर्णाच्या रुग्णांचा खरा ऑक्सिजन खाली गेलेला असतानाही ऑक्सिमीटरने तो ठीक दाखवला, असं गोऱ्या रुग्णांच्या जवळपास तिप्पट वेळा घडलं होतं. यंत्रं वापरात येऊन तोपर्यंत चाळीस वर्षं होत आली होती.

पण इथे हद्द पाळ. घरी मोजून 'सावळ्या बोटावर आकडा चुकतो' असा निष्कर्ष लिहू नकोस. खरा आकडा धमनीतलं रक्त काढून तपासल्याशिवाय कळत नाही आणि ते तुझं काम नाही. तू रेषेची उंची, गोंगाट, सिग्नल कधी हरवतो, एवढंच मोज आणि तेवढंच लिही. ऑक्सिमीटरचं कोष्टकसुद्धा गणितातून आलेलं नाही. धडधाकट स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा देऊन, त्यांचं रक्त तपासून, ते आकडे जुळवून ते बनतं. ७० टक्क्यांच्या खाली कोणाला नेता येत नाही, म्हणून त्याखालचा आकडा बराचसा अंदाजाचा असतो. परीक्षकांसमोर एवढं एक वाक्य बोललीस तरी ते खुर्चीत सरसावून बसतील.

आणि जे काही माणसाच्या अंगाला लावशील ते बॅटरीवर चालव. लॅपटॉपला जोडलं असेल तर चार्जर काढून ठेव. हसू नकोस. ज्या यंत्राचा संबंध थेट हृदयाशी येतो, त्याच्यातून पेशंटकडे पाझरणाऱ्या करंटची हद्द १० मायक्रोॲम्पिअर ठरवलेली आहे, एका ॲम्पिअरचा एक लाखावा हिस्सा. ज्याला आपण साधा झटका म्हणतो तो यापुढे डोंगर आहे.

याच ओघात माझी एक चूक सांगते. नोकरीची पहिली दोन वर्षं. एक मॉनिटर दुरुस्त करत होते, अलार्म सारखा किंचाळत होता, म्हणून मी त्याचा आवाज तळाला नेला. काम झालं, सगळे आकडे बरोबर आले, मी खूश होऊन मॉनिटर वॉर्डात परत नेऊन लावला. आवाज वर करायचं राहिलं. रात्री पेशंटच्या बोटाची क्लिप निसटली, पडद्यावर लाल दिवा लुकलुकत राहिला आणि आवाज काहीच नाही. एका सिस्टरची नजर गेली म्हणून कळलं. फक्त क्लिपच निसटली होती, कोणाचं काही बिघडलं नाही. मला कोणी ओरडलंही नाही. सिस्टर एवढंच म्हणाल्या, 'मॅडम, हा मुका झालाय.' त्या दिवसापासून दुरुस्तीनंतर अलार्म वाजवून, ऐकून, लॉगबुकात तसं लिहिल्याशिवाय मी एकही यंत्र वॉर्डात सोडलं नाही. कॉम्प्युटरचं दुकान चालवणाऱ्याने स्पीकर बंद ठेवला तर गिऱ्हाईक फोन करतं. इथे गिऱ्हाईक बेशुद्ध असतं.

मामाबद्दल. मामा शत्रू नाही. कोडिंग शिकच: मायक्रोकंट्रोलरसाठी सी, सिग्नलसाठी पायथन. त्यावाचून या ब्रँचमध्येही आता भागत नाही. आणि घरची गरज असेल, कर्जाचा हप्ता असेल, तर शेवटच्या वर्षी आयटी कंपनीत बसायला मी नाही म्हणणार नाही. त्यात लाज कसली? पण 'शेवटी तिकडेच जायचंय' म्हणून पुढची दोन वर्षं इथलं काही शिकायचंच नाही, हा हिशेब मला पटत नाही. तुझ्याकडे चार वर्षं आहेत, त्यातली दोन गेली. उरलेली दोन ज्या गोष्टीसाठी भरलीस त्यावर खर्च कर.

नोकरीचं मी तुला गोड करून सांगणार नाही. या ब्रँचची पहिली नोकरी बहुतेक वेळा सर्व्हिस इंजिनिअरची असते. खांद्याला बॅग, इंदुरात खोली, आणि खंडवा, बुऱ्हाणपूर, झाबुआ, अलीराजपूरपर्यंत फिरती. ब्रेकडाऊनचा फोन रात्री अकराला येतो. सुरुवातीचा पगार आयटीवाल्या मैत्रिणींपेक्षा कमी असू शकतो आणि दिवाळीत तो विषय निघतोच. वर काही कंपन्या तोंडावर म्हणतात, फील्डवर मुली नकोत. मी पहिल्यांदा एका गावच्या हॉस्पिटलात गेले तेव्हा दारावरच्या माणसाने माझ्या खांद्यावरून मागे बघत विचारलं, 'इंजिनिअर साहेब कुठे राहिले?' मी म्हटलं, 'येतायत, तोवर मी यंत्र सुरू करून ठेवते.' पण दोन-तीन वर्षं ही फिरती केलेल्या माणसाला पुढे कोणी अडवू शकत नाही, कारण यंत्र खऱ्या गावात, खऱ्या व्होल्टेजवर, खऱ्या उंदरांच्या सोबतीने कसं वागतं ते त्याला ठाऊक असतं. बंगळूरच्या आर अँड डीत बसलेल्यांना ते क्वचितच ठाऊक असतं.

फिरती नकोच असेल तर एक कमी गाजावाजा झालेला दरवाजा आहे, रेग्युलेटरीचा, म्हणजे उपकरणांच्या परवान्यांचा आणि नियमांचा. आपल्याकडे मेडिकल डिव्हाइस रूल्स २०१७ मध्ये आले, १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. सुरुवातीला ठरावीक उपकरणांपुरते होते. १ एप्रिल २०२० पासून झाडून सगळी उपकरणं कायद्याच्या कक्षेत आली. ए, बी, सी, डी असे चार वर्ग, जोखमीप्रमाणे: जीभ दाबायची पट्टी ए, हृदयाची झडप डी. ए (त्यातली काही साधी उपकरणं सोडून) आणि बी वर्गाला परवाना ऑक्टोबर २०२२ पासून सक्तीचा झाला, सी आणि डी वर्गाला ऑक्टोबर २०२३ पासून. म्हणजे जो कारखाना आजवर नुसता माल बनवत होता त्याला आता धोक्याचा हिशेब, चाचण्यांचे अहवाल, गुणवत्तेची कागदपत्रं ठेवावी लागतात. ती लिहिणाऱ्याला उपकरणही कळावं लागतं आणि कायदाही. पुन्हा मधली जागा बघ. आयएसओ १३४८५ आणि १४९७१, म्हणजे वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्तेचं आणि जोखमीचं मानक, ही दोन नावं लायब्ररीत शोधून ठेव. वाचायला कोरडी आहेत, आपल्या तळलेल्या गराडू कंदासारखी नुसती घशात अडकतात, पण पचली की पोट भरतं. उज्जैनजवळ विक्रम उद्योगपुरीत मेडिकल डिव्हाइस पार्क मंजूर झालंय, घरापासून तास-सव्वा तासाचा रस्ता. त्याच्या भरवशावर बसू नकोस, पण लक्ष ठेव.

पुढे शिकायचं मनात असेल तर गेटमध्ये, म्हणजे एमटेकच्या प्रवेशपरीक्षेत, २०२० पासून बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आहे. आधी आमच्या मुलांना इन्स्ट्रुमेंटेशनच्या नाहीतर इलेक्ट्रॉनिक्सच्या पेपरला बसावं लागायचं. आयआयटी मद्रास, वेल्लूरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि श्री चित्रा मिळून क्लिनिकल इंजिनिअरिंगचं एमटेक चालवतात. तुझ्यासारख्या डॉक्टरकीची ओढ असलेल्या मुलीने त्याची माहिती काढावीच. मुंबईच्या आयआयटीत बेटिक नावाचं केंद्र आहे, नागपूर आणि पुण्यातही त्याच्या शाखा निघाल्या. तिथे इंजिनिअर आणि डॉक्टर एकत्र बसून उपकरणं घडवतात. पण आधी घरचं बघ. सिमरोलला आयआयटी इंदूर आहे, तिथे बायोमेडिकलचा विभाग आहे. आणि राजा रामण्णा केंद्र? तुम्ही मुलं कॅट रोडवरून शंभरदा गेला असाल. तिथल्या लेसरवाल्यांनी तोंडाच्या कर्करोगाची खूण प्रकाशाने शोधणारं उपकरण बनवलंय, क्षयाच्या तपासणीसाठीही एक. गुटख्याच्या माळव्यात याहून जवळचा विषय तुला कुठे सापडणार? हिवाळी सुट्टीसाठी पत्र आत्ताच लिही. दहा पत्रांना एक उत्तर येतं, तेव्हा दहा लिही.

तुझं चुकलं का, हे तू शेवटी विचारलंस. ब्रँच घेताना कारण चुकीचं होतं, ब्रँच नाही. माझ्या ओळखीतले निम्मे लोक चुकीच्या कारणानेच योग्य ठिकाणी पोचले आहेत, लग्नं धरून.

आणि त्या हॉस्पिटलाचा राग मनात धरून बसू नकोस. त्या स्टिकरांवर तूच पुढच्या तपासणीची तारीख लावून आलीस, बहुतेक वर्षभरानंतरची. म्हणजे येत्या जूनमध्ये ती सगळी यंत्रं पुन्हा मोजायला निघणार, आणि त्यांना पुन्हा हात लागणार. मेच्या पहिल्या आठवड्यात अर्ज टाक. ऑक्सिमीटरच्या रेषांचे कागद सोबत जोड. आणि अर्जात स्पष्ट लिही की या वेळी स्टिकरं दुसरं कोणी लावेल, मला ॲनालायझरच्या बाजूला उभं राहायचंय.